आधी बंदर, मग जहाज

समुद्रमार्गाने प्रवास करणे ही गोष्ट कोकणातील जुन्या पिढीला मुळीच नवलाची नव्हती. मुंबईच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीत वळकटी टाकून, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी एकेक बंदरे घेत घरी पोहोचणारे चाकरमाने आपापल्या डब्यातील भाकरी सोडून डेकवर रात्र काढीत, आणि त्यात काही विशेष केल्याचा आव कोणी आणीत नसे. परंतु तो प्रवास पोहोचण्यासाठी होता. आज ज्याला आपण क्रूझ म्हणतो त्या सफरीत जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते, बंदरे ही मधली विश्रांतिस्थळे असतात, आणि निघालो तेथेच बहुधा परत यायचे असते. सबब या सफरीची आखणी करताना आगगाडीच्या किंवा विमानाच्या प्रवासाचे आडाखे फारसे उपयोगी पडत नाहीत. प्रथमच सहकुटुंब जाऊ इच्छिणाऱ्या, आणि घरात सत्तरी ओलांडलेली आजी व चार-पाच वर्षांचे नातवंड अशी दोन्ही टोके सांभाळणाऱ्या गृहस्थाश्रमी वाचकासाठी हे लिहीत आहे.

बहुतेक कुटुंबे निवड करतात ती जहाज पाहून. रंगीत पुस्तिकेत पाण्याच्या घसरगुंड्या, नाट्यगृह, रोषणाई आणि मध्यरात्रीचे जेवण यांची चित्रे असतात, मुले त्यांवर बोट ठेवतात, आणि वडीलमाणसे किंमत विचारतात. जहाज कोणत्या बंदराला, किती वाजता, किती वेळ लागणार आहे आणि धक्क्यापासून आपल्याला हवे ते स्थळ किती दूर आहे, हा प्रश्न आरक्षणाचे पैसे भरल्यानंतर कधीतरी निघतो. माझे मत नेमके उलट आहे. पहिल्या सफरीत आधी बंदर निवडावे, मग जहाज. आणि बंदर निवडताना अंतर मोजावे ते घरातील सर्वांत धडधाकट माणसाच्या नव्हे, तर सर्वांत अशक्त माणसाच्या पायांनी. हे एक सूत्र धरले की ऋतू, खोली, खर्च, औषधे या बाकीच्या बाबींचा निर्णय आपोआप सोपा होत जातो.

मुंबईकर, पुणेकर किंवा नाशिककर कुटुंबाने पहिला प्रयोग घरच्याच किनाऱ्यावर करावा हे उत्तम. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. हे जहाज १९९० साली बांधलेले आहे आणि त्या काळच्या जहाजांवरील खोल्या आजच्या मानाने आखूड असतात, ही गोष्ट तीन-चार माणसे एका खोलीत झोपवण्याचा बेत करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. परंतु घरच्या किनाऱ्याचा मोठा लाभ असा की पारपत्र, व्हिसा, परकीय चलन यांची यातायात पडत नाही, आणि समुद्र आपल्याला मानवतो की नाही याची परीक्षा दोन-तीन रात्रींत होऊन जाते. मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि ताशी सोळा सागरी मैलांच्या चालीने चालणारे जहाज संध्याकाळी निघाले तर सकाळच्या न्याहारीच्या सुमारास गोव्याला लागते. कोचीचे अंतर पावणेसहाशे सागरी मैलांच्या घरात जाते, म्हणजे मध्ये एक पुरा दिवस पाण्यावर काढणे आले. ज्यांनी कधीच रात्र समुद्रावर काढलेली नाही, त्यांनी पहिल्या खेपेस गोव्याच्या पुढे जाण्याचा आग्रह धरू नये. आठवड्याची सफर नंतरही करता येते.

ऋतूविषयी मात्र आपले कोळी बांधव जे शतकानुशतके पाळत आले तेच पाळावे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जूनमध्ये किनाऱ्याला भिडतो आणि पश्चिम समुद्र खवळतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग होड्या पाण्यात लोटायच्या या रूढीमागे अनुभव आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकानजीक बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ती याच हंगामात. आजची जहाजे कितीतरी पट मोठी आणि सुरक्षित आहेत हे खरे. पण मोठे जहाज बुडत नसले तरी डोलते, आणि डोलणाऱ्या जहाजावर पहिल्यांदा आलेले कुटुंब दोन दिवस खोलीबाहेर पडत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत अरबी समुद्र सामान्यतः शांत असतो आणि दक्षिणेकडील बंदरांचा उकाडाही त्या काळात सुसह्य असतो. अडचण अशी की शाळांच्या सुट्या या सोयीशी जुळत नाहीत. दिवाळीची सुटी मोसमी पावसानंतरच्या चक्रीवादळांच्या काळात येते. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या किनाऱ्यावर आले होते आणि ‘ओखी’ डिसेंबर २०१७ च्या आरंभी लक्षद्वीपावरून गेले होते. मे महिन्याची सुटी तर पावसाळ्याच्या उंबरठ्यावर. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये आले. नाताळात समुद्र निवळलेला असतो, परंतु भाडे कडाडलेले असते. शक्य असल्यास जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून एक-दोन रजा काढाव्यात. मुलांचे दोन दिवसांचे गणित बुडाले तर ते भरून काढता येते. कोणत्याही महिन्यात गेलात तरी करारपत्रातील ते बारीक अक्षरांतले कलम वाचून ठेवा, ज्यात हवामान पाहून बंदर वगळण्याचा किंवा बदलण्याचा संपूर्ण अधिकार कप्तानाकडे राखलेला असतो. या अधिकाराविरुद्ध तक्रार चालत नाही, आणि चालू नये असेच मला वाटते.

आता एकेका बंदराकडे वळू. मुंबईत चढायचे ते बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर. जहाज सुटताना सारे उतारू उपाहारगृहाकडे धावतात. आपण तसे न करता वरच्या डेकवर जाऊन डाव्या बाजूला उभे राहावे, कारण बंदराबाहेर पडताना त्या अंगाला थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन दुर्गबेटे दिसतात. शिवाजीमहाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या डोळ्यांदेखत बांधायला घेतलेला खांदेरीचा जलदुर्ग जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. तो समुद्रावरून पाहण्याची संधी भूमार्गाने जाणाऱ्यास लाभत नाही, आणि मुलांना इतिहासाचे पुस्तक उघडून जे समजावता येत नाही ते येथे दहा मिनिटांत समजते. खिडकीची किंवा सज्जाची खोली घेणाऱ्यांसाठी यात आणखी एक उपयुक्त बाब आहे: दक्षिणेकडे जाताना सूर्यास्त जहाजाच्या उजव्या बाजूला होतो आणि परतताना डाव्या.

गोव्याला जहाज पणजीस लागत नाही, जुवारीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात लागते, हे ज्यांना ठाऊक नसते त्यांचा अर्धा दिवस हिशेबाच्या गोंधळात जातो. मुरगावहून पणजी तीस किलोमीटरच्या आसपास, जुने गोवे तितकेच दूर, आणि कळंगुट-बागा तर त्याहून कितीतरी लांब. धक्क्यावर सकाळी नऊला उतरणे सुरू झाले, सुरक्षेची तपासणी आणि बंदराच्या फाटकापर्यंतचे वाहन यात पाऊण तास गेला, आणि दुपारी चारपर्यंत परतायचे असेल, तर हातात खरोखर उरतात ते जेमतेम सहा तास. या सहा तासांत उत्तरेकडचे किनारे गाठण्याचा हव्यास मनातून काढून टाकावा. लहान मुले असतील तर जवळचा बोगमाळोचा किनारा आणि त्याच रस्त्यावरील नौदलाचे वायुयान-संग्रहालय ही जोडी उत्तम, फक्त सोमवारी ते संग्रहालय बंद असते. वडील माणसे बरोबर असतील तर फोंडा महालातील मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा किंवा कवळ्याची शांतादुर्गा यांपैकी एकच देवस्थान ठरवावे. महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलदैवते तेथे आहेत, आणि एखाद्या आजींना जहाजावरील नृत्यनाट्यापेक्षा मंगेशाच्या तळ्याकाठी मिळालेली पंधरा मिनिटे अधिक मोलाची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र देवळात जाताना खांदे व गुडघे झाकणारे वस्त्र अंगावर हवे. समुद्रस्नानाच्या वेषात आलेल्यांना दारातून परत जावे लागते. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी जुन्या गोव्याची बॉम जेझू बासिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल एवढ्यावर समाधान मानावे. देवस्थान, चर्च आणि किनारा ही तिन्ही एका दिवसात उरकणारी टोळी संध्याकाळी जहाजावर चढताना कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसते.

कोचीचे बंदर कुटुंबासाठी मला सर्वाधिक सोयीचे वाटते. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने खाडीतील गाळ उपसून जे विलिंग्डन बेट उभे केले, त्याच्या परिसरात जहाज लागते, आणि तेथून पुलांवरून फोर्ट कोची थोड्याच वेळात गाठता येते. चिनी धाटणीची मोठी मासेमारीची जाळी, सेंट फ्रान्सिस चर्च, मट्टांचेरीचा राजवाडा आणि परदेशी सिनेगॉग ही सर्व स्थळे तीनेक किलोमीटरच्या टापूत आहेत. चालवत नसेल त्याला रिक्षा मिळते, आणि दमल्यास कोठेही बसून नारळपाणी घेता येते. १५२४ साली कोचीत वारलेल्या वास्को द गामाला प्रथम याच चर्चमध्ये पुरले होते, पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. मट्टांचेरीच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे आजी-नातवंडांनी मिळून पाहावीत अशी आहेत. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि १५६८ साली बांधलेले सिनेगॉग शनिवारी, त्यामुळे जहाज कोणत्या वारी लागते ते आधीच पंचांगात पाहून ठेवणे बरे. २०२३ साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोची एक फेरी मुलांसाठी जरूर राखावी. समुद्रावरून येऊन पुन्हा पाण्यावर काय जायचे, असा आक्षेप मोठी माणसे घेतील, पण खाडीचे ते संथ पाणी वेगळे असते. अलप्पुझाच्या कायलांतील नौकाविहार मात्र या दिवसात बसवू नये. एकेका बाजूला दीड-दोन तासांचा रस्ता आहे आणि वाहतूक कोणाच्या ताब्यात नसते.

लक्षद्वीपचे निळे पाणी पाहून मन भुलते हे मी नाकारत नाही, परंतु ज्येष्ठांसह पहिल्याच सफरीत तेथे जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्रवाळांच्या कड्याने वेढलेल्या उथळ सरोवरात मोठे जहाज शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना जहाजाच्या कुशीतील दारातून लहान बोटीत उतरवून किनाऱ्यावर नेले जाते. आगबोटींच्या दिवसांत कोकणच्या उथळ बंदरांवर पडाव येत आणि मुलाबाळांना खलाशी अक्षरशः हातोहात झेलून घेत, त्याच पद्धतीची ही सुधारलेली आवृत्ती होय. लाट उठली की बोट हातभर वर येते, बसली की हातभर खाली जाते, आणि नेमक्या क्षणी पाऊल उचलावे लागते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला हे जमत नाही, आणि जमेल असे त्यांच्या उत्साहाकडे पाहून ठरवू नये. अशा वेळी त्यांच्यासोबत एकाने जहाजावर थांबायचे हे घरीच ठरलेले असावे, नाहीतर ऐन दारात मानापमानाचे नाट्य रंगते. वारा वाढल्यास बोटी सोडणे रद्द होते आणि बेट दुरूनच पाहून पुढे जावे लागते, हीही शक्यता धरून चालावे. शिवाय लक्षद्वीपात पाऊल ठेवण्यास प्रवेशपरवाना लागतो. तो कोण काढणार, त्यासाठी कोणते कागद किती दिवस आधी द्यायचे, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे. तेथील वस्ती बहुतांशी मुस्लिम आणि रीतिरिवाजांनी सोज्वळ आहे, म्हणून गावातून हिंडताना कपड्यांचा विवेक पाळावा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मुलांनी खिशात घातला तर तो तेथेच ठेवायला सांगावे, कारण प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

ज्यांना थेट परदेशी जाण्याची ओढ आहे त्यांच्यासाठी सिंगापूरहून पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशा सफरी सोयीच्या, आणि विषुववृत्ताजवळच्या त्या प्रदेशात थंडीचा प्रश्नच नाही. तेथेही बंदराचे सूत्र तसेच लागू पडते. पेनांगला जहाज थेट जॉर्जटाउन या जुन्या शहराच्या पायथ्याशी लागते आणि उतरताच पायी हिंडता येते. उलट ‘क्वालालंपूर’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले बंदर प्रत्यक्षात पोर्ट क्लांग असते आणि शहर तासाभराहून अधिक लांब. फुकेतचे घड्याळ सिंगापूरच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असते. जहाज कोणती वेळ पाळणार आहे हे आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात पाहावे, कारण मोबाइल आपणहून स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि माणूस तासभर निर्धास्त राहतो. व्हिसाच्या बाबतीत एक सूक्ष्म मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून निसटतो: सिंगापूर सोडून मलेशियास गेलेले जहाज परत सिंगापूरला येते तेव्हा तो आपला दुसरा प्रवेश ठरतो, सबब अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हाती असला पाहिजे. भूमध्य समुद्रातील सफरीत शेंगेन देशांतून तुर्कस्तानाच्या बंदराला जाऊन परत येतानाही हाच नियम आड येतो.

दस्तऐवजांची बाकीची बाब थोडक्यात उरकता येते. देशांतर्गत सफरीला प्रौढांचे आधार किंवा तत्सम छायाचित्रासह ओळखपत्र आणि लहानग्यांचा जन्मदाखला बरोबर असावा. परदेशी सफरीला पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने उरलेली हवी. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर उरलेल्या पालकाचे संमतिपत्र नोटरी करून घ्यावे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील अर्भकास आणि चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतीस जहाजावर घेत नाहीत, आणि दीर्घ सागरी टप्प्यांच्या सफरींना मूल वर्षाचे असावे लागते.

खोलीची निवड आणि बोट लागणे या दोन गोष्टी एकत्रच विचारात घ्याव्यात. जहाज आपल्या मध्यबिंदूभोवती डोलते, म्हणून नाळेकडच्या आणि वरच्या मजल्यांवरील खोल्यांना हेलकावे अधिक बसतात, आणि मधल्या भागातील खालच्या मजल्यांवर ते सर्वांत कमी जाणवतात. गंमत अशी की या खोल्या बहुधा स्वस्तही असतात. खिडकी नसलेली आतली खोली स्वस्तात स्वस्त, परंतु क्षितिज न दिसल्याने कित्येकांचे डोके अधिक गरगरते, त्यामुळे पहिल्या सफरीस निदान खिडकी असावी असे माझे स्पष्ट मत आहे. सज्जाची खोली मोठ्यांसाठी रमणीय, पण चढाऊ वयाचे मूल बरोबर असेल तर सज्जाच्या दाराला वरची कडी आहे याची खात्री पहिल्याच मिनिटाला करून घ्यावी आणि कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये. बोट लागणे म्हणजे आजार नव्हे. कान सांगतो की शरीर हलते आहे, डोळा सांगतो की भिंत स्थिर आहे, आणि या विसंवादाने पोट ढवळते. यावरील औषध मळमळ सुरू झाल्यावर घेण्यापेक्षा जहाज सुटण्यापूर्वी घ्यावे. कोणते आणि किती ते घरच्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः मुलांसाठी, आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वडिलांसाठी, कारण यांतील कित्येक औषधे गुंगी आणतात व काहींना ती वर्ज्य असतात. त्याखेरीज आल्याची वडी, थोडे थोडे कोरडे खाणे, मोबाइलात डोके न घालणे आणि मोकळ्या डेकवर क्षितिजाकडे पाहत बसणे हे उपाय जुने असले तरी खरे आहेत. उपाशी राहणे हा मात्र उपाय नव्हे.

आता पैशाचा हिशेब. जाहिरातीतील भाडे एका खोलीत दोघे या हिशेबाने माणशी दिलेले असते. त्यावर बंदरशुल्क, कर आणि सेवकवर्गाचे दैनिक बक्षीस चढते, आणि मग पेये, इंटरनेट, विशेष उपाहारगृहे, बंदरावरील सहली यांची देणी वेगळी. तिसरा व चौथा उतारू त्याच खोलीत असल्यास त्यांचे भाडे बरेच कमी होते, पण ती दोन माणसे भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या बिछान्यावर शिडीने चढणारी असावी लागतात. आजोबांना तेथे चढवणे शक्य नाही. पाच-सहा जणांच्या कुटुंबाने शेजारशेजारच्या, आतून दार असलेल्या दोन खोल्या मागाव्यात आणि त्या लवकर मागाव्यात, कारण अशा जोड्या थोड्याच असतात. जहाजावर रोकड चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत राहतो, आणि ते कार्ड मुलांच्या हाती गेले की शीतपेयांची संख्या वडिलांना अखेरच्या रात्री कळते, म्हणून मुलांच्या कार्डावरील खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घेता येते ती घ्यावी. खात्याला जोडण्यासाठी डेबिट कार्ड देऊ नये, कारण अनामत म्हणून अडवलेली रक्कम खात्यात परत दिसायला काही दिवस लागतात. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल विमानातील स्थितीत ठेवावा. जहाजाच्या उपग्रहजालाशी तो आपणहून जोडला गेला तर येणारे बिल भाड्याच्या तोडीचे असू शकते. प्रवासविमा घेताना तो समुद्रातील वैद्यकीय मदत आणि रुग्णास किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च देतो का हे विचारून घ्यावे. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी मोठी असते.

जेवणाविषयी मराठी कुटुंबांना जी काळजी वाटते ती भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर अनाठायी आहे. शाकाहारी आणि जैन पदार्थ तेथे मुबलक असतात. परदेशी जहाजावर आधी कळवल्यास तशी तजवीज होते. घरचे लाडू-चिवड्याचे डबे मात्र चढतेवेळच्या तपासणीत अडू शकतात, कारण घरगुती खाद्यपदार्थ नेण्यास बहुतेक कंपन्या मनाई करतात. बंद पाकिटातील कोरडा खाऊ साधारणतः चालतो. इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि विजेचा विस्तारफलक यांनाही आगीच्या भयास्तव बंदी असते. चढताना मोठ्या पेट्या धक्क्यावरच घेतल्या जातात आणि खोलीवर पोहोचायला संध्याकाळ होते, त्यामुळे औषधे, कागदपत्रे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि एक बदली जोड हातातील पिशवीत हवा. भोजनगृहात शिरताना हात साबणाने धुवावेत; जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या साथीस नोरो नावाचा जो विषाणू बहुधा कारण असतो, त्याच्यापुढे हातावर चोळण्याचा द्रव दुबळा ठरतो.

सुटण्यापूर्वी होणारी आणीबाणीची तालीम चुकवू नये. १९१२ च्या ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडल्यावर ही तालीम जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेण्याचा नियम कडक करण्यात आला. सात आखूड भोंगे आणि एक लांब हा संकेत मुलांकडून पाठ करवून घ्यावा, आपली जमण्याची जागा कोणत्या जिन्याने गाठायची ते प्रत्यक्ष चालून पाहावे, आणि मुलाच्या मापाचा जीवरक्षक अंगरखा खोलीत नसल्यास सेवकाकडे तेव्हाच मागावा. पोहण्याच्या तलावाशी रक्षक असेलच असे धरून चालू नये. मूल पाण्यात असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने दुसरे काही करायचे नाही, गप्पाही नाही. लंगोट बांधणाऱ्या बाळांना तलावात उतरू देत नाहीत.

बंदरावर उतरण्याचे दोन मार्ग असतात: जहाजानेच काढलेली सहल, किंवा आपली आपण केलेली व्यवस्था. पहिला महाग आणि गर्दीचा, परंतु त्यास उशीर झाला तर जहाज थांबते. दुसरा स्वस्त आणि आपल्या चालीचा, पण परतण्याच्या घोषित वेळेस आपण धक्क्यावर नसाल तर जहाज निघून जाते आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. लांबचे ठिकाण असेल तेथे जहाजाची सहल घ्यावी आणि कोचीसारख्या जवळच्या बंदरात स्वतंत्र हिंडावे, ही विभागणी मला रास्त वाटते. स्वतंत्र जाणाऱ्यांनी चढण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधीची असते हे लक्षात घेऊन, त्याच्याही तासभर अगोदर धक्क्यावर परतावे, आणि बंदराच्या पत्त्याचा व जहाजाच्या दूरध्वनीचा कागद प्रत्येक मोठ्या माणसाच्या खिशात ठेवावा. घरातील कोणाला एखाद्या बंदरी उतरावेसेच वाटले नाही, तर त्यांना ओढून नेऊ नये. सारे उतारू गावात गेले असताना रिकामे ग्रंथालय, मोकळा डेक आणि शांत चहा हे त्या दिवशी जहाजावर मागे राहणाऱ्याचे वैभव असते.

अखेरच्या रात्री मोठ्या पेट्या दाराबाहेर ठेवण्याची वेळ ठरलेली असते आणि त्या रात्रीतच खाली नेल्या जातात, त्यामुळे सकाळी घालायचे कपडे, पादत्राणे आणि औषधे आधी बाजूला काढून मगच पेटीला कुलूप लावावे. खात्याचा तपशील त्याच रात्री स्वागतकक्षावर जाऊन तपासावा. सकाळी तेथे रांग इतकी लांबते की चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यापेक्षा ती सोसलेली बरी असे माणसाला वाटू लागते. जहाज मुंबईस सकाळी लागले तरी मजल्यांच्या पाळीने उतरवणे, पेट्या ओळखून घेणे आणि बॅलार्ड पिअरच्या फाटकाबाहेर गाडी मिळवणे यात दुपार उजाडते, म्हणून पुण्या-नाशिकास जाणाऱ्यांनी परतीची गाडी दुपारी दोननंतरचीच घ्यावी.